पुडक्यातलं पत्र

नेपरव्हिल
२४ ऑक्टोबर २०२५

प्रिय शैल,

सप्रेम नमस्कार. ‘वहिनी’ असं लिहायला सुरुवात केली होती. मग वाटलं, दादाशी लग्न होऊन तू माझी वहिनी झालीस त्याच्या आधी अकरा वर्षं आपण एका बाकावर बसलो होतो. तो हक्क जुना आहे. म्हणून शैल.

दिवाळीचा तुझा मेसेज मिळाला. दिव्यांचं चित्र आणि खाली ‘सर्वांना शुभेच्छा’. मीही तुला तसंच चित्र पाठवलं. अकरा वर्षं आपण एकमेकींना चित्रंच पाठवतो आहोत, नाही? या वर्षी मनात आलं की खरं पत्र लिहावं. सिस्टर अ‍ॅग्नेसनी चार रेघांच्या वहीत हाताला जे वळण लावलं, ते फक्त दुकानाच्या यादीत वापरून संपवायचं का? तुझी मराठी अक्षरंही अजून उजवीकडे झुकतात का गं? माझी झुकतात. इथे कोणी मराठी पाहिलं की त्यांना वाटतं, ही लिपीच तिरकी आहे.

पेन्सिलीने लिहिते आहे, रागावू नकोस. लायब्ररीत हस्तलिखितांच्या दालनात पेन न्यायची बंदी असते. शाई सांडली, ओघळली तर दीडशे वर्षांचा कागद कायमचा खराब होतो. सत्तावीस वर्षं पेन्सिलच वापरल्यामुळे आता बोटांत पेन परकं वाटतं. शिवाय पेन्सिलीचं खोडता येतं.

काल भाऊबीज झाली. दादाला जाऊन अडीच वर्षं झाली तरी ताम्हन हातात घेतल्यावर क्षणभर फोन कुठे ठेवलाय ते शोधते. तो कसा व्हिडिओवर कपाळ पुढे करायचा आणि म्हणायचा, “लाव, लाव, स्क्रीन पुसून घेईन मी!” भाऊ नसला की चंद्राला ओवाळतात, म्हणून संध्याकाळी मागच्या डेकवर गेले. ढग होते. बीजेची कोर दिसेना. अंदाजाने ओवाळलं. मोरेश्वर दारात शाल घेऊन उभा होता, तो म्हणाला, “प्रतिमा, त्या बाजूला टेक्सास आहे.” मी म्हटलं, “असू दे, तिकडेही कोणाचा तरी भाऊ असेल.” हसलो दोघं. मग निरांजन विझलं आणि आत आलो.

त्याचा गुडघा दुखतो. बाकी तो बरा आहे. पाच वर्षं झाली रिटायर होऊन, तरी सकाळी मला स्टेशनवर सोडायला येतो आणि ट्रेन सुटेपर्यंत गाडीत बसून राहतो. हेही आता थोडेच दिवस. एकतीस डिसेंबरला माझी नोकरी संपते आहे. शिकागोला जायची माझी ट्रेन त्या दिवसापासून माझ्याशिवाय जाईल.

शेवटचं काम म्हणून एक ट्रंक आली आहे. इलिनॉयच्या वायव्येला एका शेतावरच्या कोठारात सापडली. हॅना नावाच्या मुलीच्या घरातली पत्रं आहेत, इथल्या यादवी युद्धाच्या काळातली. तिचा धाकटा भाऊ एकोणिसाव्या वर्षी सैन्यात गेला होता. उंदरांनी दोन कोपरे खाल्लेत, बुरशी आहे, कसर तर विचारूच नकोस. अशी जुनी कागदपत्रं आली की आम्ही ती आधी प्लास्टिकमध्ये हवाबंद करून फ्रीझरमध्ये ठेवतो, शून्याच्या खाली तीस अंशांवर, दोन आठवडे. किडे, अंडी, सगळं मरतं. मग एक दिवस बाहेर ठेवायचं, आणि मगच उघडायचं. नाहीतर एका ट्रंकेतली कसर अख्ख्या लायब्ररीला लागेल. अंगवळणी पडलेला नियम आहे. कोणी विचारही करत नाही.

त्या फ्रीझरच्या खोलीत मी हल्ली जात नाही. आमच्याकडे कागद दुरुस्त करणारी रूथ आहे, तिलाच पाठवते. थंडी सोसत नाही असं तिला सांगितलंय.

तू कशी आहेस? नेत्रा फोनवर म्हणाली की गॅस बंद केलाय का ते बघायला तू जिन्यातून दोन-दोनदा परत येतेस. अगं, मीही येते. वय झालं आपलं. तुझी लेक अ‍ॅशबर्नमध्ये दिवसभर कॉम्प्युटरच्या गोदामात असते, तिला आईची काळजी करायला कारण लागत नाही. थँक्सगिव्हिंगला ती आमच्याकडे येणार आहे. तिला काय आवडतं ते कळव. मागच्या वेळी तिने माझ्या साबुदाण्याच्या खिचडीवर केचप घेतलं, ते मी तुला सांगितलं नव्हतं.

सवडीने उत्तर लिही.

‘सवडीने’ हा शब्द खोडणार होते. राहू दे.

तुझी,
पमी


नेपरव्हिल
१० नोव्हेंबर २०२५

प्रिय शैल,

परवा तुझा फोन आला. पत्राला पत्र नाही आलं, पण आवाज आला, हेही खूप झालं. किती दिवसांनी आपण अर्धा तास बोललो! शाळेच्या मागच्या चिंचेखाली तू मला सिस्टरांची नक्कल करून दाखवायचीस, तसंच बोललीस. “प्रॅटिमा, स्टॅन्ड अप स्ट्रेट!” मी स्वयंपाकघरात खरंच सरळ उभी राहिले.

बर्फ पडला का, हे तू तीनदा विचारलंस. तिन्ही वेळा मी ‘नाही अजून’ म्हटलं. आज पडला. पहिलाच. थोडासाच आहे, गवताची टोकं दिसताहेत.

आणि फोन ठेवता ठेवता तू विचारलंस, “पमी, पुडकं मिळालं का गं?”

मला वाटलं, तू दिवाळीत काही पाठवलं आहेस. मी म्हटलं, कुठलं? तू म्हणालीस, “अगं, पद्मिनीकाकूंबरोबर पाठवलंय ते. बाबांच्या कागदांचं. उघडलंस ना?”

शैल, पद्मिनीकाकू त्यांच्या मुलाच्या घरी इथे आल्या होत्या त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हा जन्मलेली त्यांची नात आता सहावीत आहे.

मी म्हटलं, “मिळालं, मिळालं.” आणि बर्फाचं बोलायला लागले. तो तेव्हा पडलाही नव्हता.

तुझ्या पाठीमागून कुणीतरी, बहुतेक कामाच्या बाई, ‘ताई, दूध उतू गेलं’ म्हणाल्या आणि फोन बंद झाला.

मी तुला कामाचं सांगत होते ना, तेच सांगते. ट्रंक फ्रीझरमधून बाहेर आली. आत हॅनाने लिहिलेली पत्रं नव्हती. ती कशी असणार? आपण लिहिलेली पत्रं आपल्याकडे कधीच नसतात, दुसऱ्याच्या घरी असतात. हे मी नव्या लोकांना पहिल्या दिवशी शिकवते. माणसाच्या ट्रंकेत त्याला आलेली पत्रं असतात; त्याने काय लिहिलं ते बघायला दुसऱ्याच्या ट्रंकेपर्यंत जावं लागतं. पण हॅनाचं एक पत्र मात्र तिच्याच ट्रंकेत होतं. टेनेसीतल्या फौजेच्या इस्पितळात भावाला पाठवलेलं. ते परत आलं होतं. पाकिटावर दुसऱ्याच कोणाच्या हाताने ‘वारला’ एवढंच लिहिलेलं. आणि ते कोणी उघडलं नाही. हॅनानेही नाही, तिच्या मुलांनी नाही, नातवंडांनी नाही. १८६३ पासून तसंच बंद.

बंद पाकीट उघडायचं की नाही यावर आमच्याकडे बैठक होते. आधी फोटो, मग चर्चा, मग कागदावर सह्या. मी म्हटलं, तसंच राहू दे. रूथ माझ्याकडे बघतच राहिली. “सत्तावीस वर्षांत तू पहिल्यांदा ‘नको’ म्हणते आहेस,” ती म्हणाली. “तिने वाचण्यासाठीच लिहिलं होतं ना?”

उघडलं. रूथने हाडाच्या पातळ पट्टीने, इतकं अलगद, की लाखेचा टवकाही उडाला नाही. आत काय होतं सांगू? तपकिरी कोंबडी खुडूक बसली आहे. गाय व्यायली, वासराच्या कपाळावर ठिपका आहे. तुझे मोजे विणून झालेत, टाचा जरा सैल झाल्यात, जाड बूट घाल. बस्स.

“एकशे बासष्ट वर्षं थांबून कोंबड्या!” रूथ म्हणाली आणि आम्ही दोघी हसलो. मग मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं, आणि परत आल्यावर डोळ्यांना धुळीची अ‍ॅलर्जी आहे असं सांगितलं.

हॅनाने वेळेवर लिहिलं होतं, शैल. पोचलं नाही यात तिची काही चूक नव्हती.

मला तुला पुडक्याबद्दलच

मोरेश्वर जेवायला हाक मारतो आहे. वरण निवतंय म्हणून चिडलाय. पुढच्या वेळी लिहीन. तब्येत सांभाळ. दूध गॅसवर ठेवलंस की स्वयंपाकघरातून हलू नकोस.

तुझी,
पमी


नेपरव्हिल
२९ नोव्हेंबर २०२५

प्रिय शैल,

आज पेनने लिहिते आहे.

नेत्रा बुधवारी आली. गुरुवारी थँक्सगिव्हिंगचं जेवण केलं. टर्की आम्ही आणत नाही, पुरणपोळी केली होती, आणि तिच्यासाठी पंपकिन पाय, इथला भोपळ्याचा गोड पदार्थ. ती त्याचे तुकडे कापत होती आणि तुझ्या डॉक्टरांकडच्या तपासणीचं सांगत होती. तू मला हे सांगितलं नव्हतंस. ती म्हणाली, अर्ली स्टेज आहे, गोळ्या सुरू केल्यात, ती डिसेंबरमध्ये महिनाभर नागपूरला येते आहे. मी ऐकत होते. मग ती म्हणाली, “आत्या, यू नो व्हॉट्स सो सॅड? मी व्हिडिओ कॉलवर होते. डॉक्टरने विचारलं की विसरणं कधीपासून सुरू झालं. मी म्हणणार होते, लास्ट इयर. आई मध्येच बोलली. ‘दोन हजार चौदापासून. सासूबाईंचं पत्र पुडक्यात ठेवायला विसरले, तेव्हापासून.’ आणि डॉक्टरने ते लिहून घेतलं. इट्स इन हर फाइल.”

मोरेश्वर पोळीवर तूप वाढत होता. तो म्हणाला, “हो, ते पत्राचं झालं होतं खरं.”

मी उठून स्वयंपाकघरात गेले. नळ सोडला आणि उभी राहिले. अकरा वर्षं मी असं समजत होते की तू माझ्यावर रागावली आहेस. तुझ्या रागाची मला सवय झाली होती. तो मी सोसत होते आणि त्यातच काहीतरी फेडते आहे असं मानत होते. तू मुळी रागावलीच नव्हतीस. तू माझ्यावर विश्वास ठेवलास. स्वतःवरचा काढून घेतलास आणि माझ्यावर ठेवलास.

आता मी क्रमाने लिहिते. कागद क्रमाने लावणं एवढंच मला येतं.

ऑगस्ट २०१४. मी आईच्या मागे लागले होते की बाबांचे कागद मला पाठव, तिथे वाळवी खाईल. पद्मिनीकाकू मुलाकडे यायला निघाल्या होत्या, तुम्ही त्यांच्याबरोबर पुडकं दिलंत. सोळा तारखेला मी ते त्यांच्या घरून आणलं. काकू म्हणाल्या, “तुमच्या वहिनींनी दहादा बजावलंय, लगेच उघडा म्हणून.” मी म्हटलं, “मेतकूट सांडेल म्हणून असेल.”

घरी आणून टेबलावर ठेवलं तर कापडाच्या शिवणीतून एक कसर बाहेर आली. रुपेरी, चपळ. माझा हात पुडक्यावरून आपोआप मागे आला. मी ते न उघडता प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत बंद केलं. मोरेश्वर म्हणाला, “अगं, उघड तरी आधी! सासूबाईंच्या पुडक्यालाही आयसीयू?” मी म्हटलं, “तुला नाही कळायचं.” सोमवारी लायब्ररीत नेलं आणि फ्रीझरमध्ये ठेवलं. वर चिठ्ठी लावली, माझं नाव आणि तारीख.

दोन आठवडे पुरे होते. दोन सप्टेंबरला काढता आलं असतं. पण बारा तारखेला माझं प्रदर्शन उघडायचं होतं, स्थलांतर करून आलेल्या बायकांच्या पत्रांचं. घर सोडून आलेल्या बायका आईला काय लिहितात, असा त्याचा विषय होता. त्या गडबडीत मी आईचं पुडकं विसरले.

सात सप्टेंबरच्या रविवारी आईचा नेहमीसारखा फोन. आवाज थोडा दमलेला वाटला, मी म्हटलं सर्दी असेल. तिने विचारलं, “पुडकं उघडलंस का गं?” आता तिला काय सांगू, की तुझ्या हातचं पुडकं मी बर्फात ठेवलंय? तिला ते किती लागलं असतं. मी म्हटलं, “हो, उघडलं.”

“वाचलंस?”

“वाचलं सगळं.”

“मग?”

मला वाटलं, बाबांच्या कागदांचं विचारते आहे. मी म्हटलं, “मग काय, आता प्रदर्शन संपलं की बघते गं सवडीने.”

ती मग म्हणाली, “बरं. तुझ्या सोयीने बघ.”

हे मी आजपर्यंत कोणालाही सांगितलेलं नाही.

बावीस तारखेला ती गेली. मी तिसऱ्या दिवशी पोचले. स्वयंपाकघरात तू, मी, दादा. मी तुझ्यावर ओरडले. एवढं हृदयाचं ऑपरेशन सांगितलं होतं, ते लांबवत का राहिलात, मला का कळवलं नाही. तुझ्या हातात पिठाची परात होती. तू म्हणालीस, “पमी, मी पुडक्यात पत्र ठेवलं होतं. आईंनी सांगितलेलं. फोन करायचा नाही अशी शपथ घातली होती त्यांनी. तू वाचलं म्हणालीस ना त्यांना?” दादा माझ्याकडे वळला. “होतं का गं पत्र?”

पुडकं तेव्हाही फ्रीझरमध्येच होतं. मी उघडलंच नाही असं म्हणाले असते, तर आईला मी शेवटचं जे सांगितलं ते खोटं होतं हे सगळ्यांना कळलं असतं. मी म्हटलं, “नाही. बाबांचे कागद तेवढे होते. पत्र नव्हतं.”

दादा तुला म्हणाला, “शैला, ठेवलंस का नक्की?” आणि तू म्हणालीस, “ठेवलं हो. तांबड्या रुमालात. बाबांच्या पत्रिकेच्या खाली.” मग परातीकडे बघत हळूच म्हणालीस, “ठेवलं असं वाटतंय.” त्या क्षणी मी तुला पाहत होते, शैल. तुझा स्वतःवरचा विश्वास डळमळलेला मी डोळ्यांनी पाहिला.

तेव्हा मी बोलले ते खोटं आहे की खरं, हे मलाही ठाऊक नव्हतं. माझ्या बाजूने एवढंच आहे, आणि तेही फार नाही. कारण परत आल्यावर मी पुडकं काढलं, नियमाप्रमाणे एक दिवस बाहेर ठेवलं, आणि उघडलं. तांबडा रुमाल होता. बाबांची पत्रिका होती. तिच्या खाली तुझ्या तिरक्या अक्षरातलं पत्र होतं. तू सांगितलंस अगदी तिथेच.

ते जसंच्या तसं इथे उतरवते, म्हणजे तुला आठवेल.

“नागपूर, ५ ऑगस्ट २०१४. चि. प्रतिमास अनेक आशीर्वाद. शैला लिहिते आहे, मी सांगते आहे, माझा हात कापतो. डॉक्टर ऑपरेशन करायचं म्हणतात. मी म्हटलं, आधी पमी येऊ दे, मग काय ते कापाकापी करा. घाबरू नकोस. फोनवर मुद्दाम सांगत नाही, तू सगळं टाकून धावत सुटशील, आणि तुझं ते प्रदर्शन आहे. पण दसऱ्याच्या आत ये. तुला बघून मगच आत जाईन. बाबांचे कागद पाठवते आहे, जपून ठेव. आई.”

आणि खाली तुझ्या दोन ओळी. “पमी, आईंनी सांगितलं तसं लिहिलंय. माझं ऐकशील तर सवड बघू नकोस, लगेच निघ. पत्र मिळाल्याची पोच दे. शैल.”

ती थांबली होती माझ्यासाठी. मग मी फोनवर सवडीने बघते म्हणाले, आणि ती तरीही थांबली. ऑपरेशनने वाचली असती की नाही, ते कोणाला सांगता येणार? पण पत्र वाचून मुलगी सवडीने येणार आहे, असं समजून ती गेली. आणि तिच्यावरून तुझ्या घरात नऊ वर्षं दादा म्हणत राहिला असेल, एक चिठ्ठी ठेवायची होती तुला. म्हणायचा ना? नेत्रा म्हणाली, म्हणायचा. चिडला की म्हणायचा. त्यालाही मी ते तसंच घेऊन जाऊ दिलं.

मी दर दिवाळीला ठरवायचे. पत्र काढायचे, वाचायचे, परत ठेवायचे. ते उत्तम स्थितीत आहे, शैल. आम्लविरहित कागदात, अंधारात, कोरड्या कपाटात. पिवळं पडलेलं नाही, घडीवर चिरलेलं नाही. माझं कामच ते.

गुरुवारी मी नळ बंद केला, वर जाऊन ते कपाटातून आणलं आणि टेबलावर ठेवलं. नेत्राला तुझं अक्षर लगेच ओळखू आलं. तिने वाचलं. मग मी तिला आणि मोरेश्वरला हे सगळं सांगितलं, आत्ता लिहिलं तसंच. मोरेश्वरने हातातली वाटी खाली ठेवली आणि एकच म्हणाला, “मी म्हटलं होतं, उघड आधी.” त्यानंतर आज तिसरा दिवस, तो माझ्याशी जेवणापुरतंच बोलतो.

नेत्रा म्हणाली, “यू लेट हर थिंक शी वॉज लूजिंग इट. फॉर इलेव्हन इयर्स.” मग बाहेर जाऊन थंडीत गाडीत बसली. मी खिडकीतून बघत होते. काचा आतून धुरकटल्या, ती दिसेनाशी झाली. अर्ध्या तासाने परत आली ती तुझ्यासारखीच, दारातच उभी, पायातले बूट न काढता. म्हणाली, “मला ते पत्र हवंय. आईला दाखवायचंय.”

मी म्हटलं, “कॉपी काढून देते.”

बघ. तोंडातून तेच आलं. मूळ कागद बाहेर जाऊ द्यायचा नाही, हा सत्तावीस वर्षांचा नियम. नेत्रा हात पुढे करून उभी राहिली. मी तिला मूळ पत्र दिलं.

ती तेरा डिसेंबरला निघते आहे. हे पत्रही तिच्याच हातात देते आहे, दोन्ही पर्समध्ये ठेव म्हटलंय, बॅगेत नाही. ती तुला दोन्ही वाचून दाखवेल. दुसऱ्या दिवशी तू विचारलंस तर पुन्हा वाचून दाखवेल. जितक्या वेळा विचारशील तितक्या वेळा, असं तिने मला कबूल केलंय. डॉक्टरांच्या फाइलमधली ती ओळही खोडून घ्यायला सांगितली आहे. विसरणं गेल्या वर्षी सुरू झालं, त्याआधी नाही.

तू मला माफ कर असं लिहायला पेन उचललं होतं. ते आज समजून करशील आणि उद्या विसरशील, आणि मग मी रोज नव्याने मागत बसेन. मागत नाही. फक्त एवढं तुझ्याजवळ राहू दे, जितके दिवस राहील तितके: तू विसरली नव्हतीस. पत्र तांबड्या रुमालात होतं, पत्रिकेच्या खाली.

पाच ऑगस्ट २०१४ चं तुझं पत्र मिळालं. ही पोच.

पमी